संकेतस्थळ तुमची भाषा कशावरून ठरवतं, आणि ते चुकतं तेव्हा काय करावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही हे तुम्हाला कळेल. तुम्ही कामानिमित्त काही महिने जपानमध्ये आहात. ब्राउझरच्या भाषांच्या यादीत पहिली मराठी आणि दुसरी इंग्रजी ठेवली आहे. तरीही निम्म्या साइट जपानीत उघडतात. भाषा बदलायचं बटण जपानीतच असल्यामुळे ते सापडत नाही, आणि सापडलंच तर भाषेबरोबर देश आणि चलनही बदलून बसतं. तुम्ही विचारलंय की माझं एखादं सेटिंग चुकतंय का, आणि एकदाच करून टाकला की संपलं असा काही उपाय आहे का.

तुमचं काहीही चुकत नाही. एकदाच करून संपेल असा उपाय मात्र नाही, कारण हा निर्णय प्रत्येक साइट आपापल्या पद्धतीने घेते. मी गेली सतरा-अठरा वर्षं साइट आणि ॲप वेगवेगळ्या भाषांत नेण्याचं काम करतो आहे. तुमच्यासारख्या तक्रारी मी शेकड्यांनी वाचल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच मी स्वतः बांधलेल्या पानांबद्दल होत्या. म्हणून साइटच्या आत काय चालतं ते सांगतो. ते कळलं की कुठल्या साइटवर कुठला उपाय चालेल हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.

साइटला तुमच्याबद्दल खरं तर तीन वेगळ्या गोष्टी माहीत हव्या असतात. तुम्हाला वाचायला कुठली भाषा हवी. तारीख, अंक, तापमान, कागदाचा आकार यांची कुठली पद्धत तुम्हाला सवयीची आहे. आणि व्यवहारापुरते तुम्ही कुठल्या देशातले, म्हणजे कर कुठला लागेल, माल कुठे पोचवायचा, कुठला कायदा लागू होईल. तुमच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत: भाषा मराठी किंवा इंग्रजी, पद्धत तुमच्या सवयीची, आणि डिलिव्हरीचा पत्ता जपानचा. पण बहुतेक साइट एकच प्रश्न विचारतात, तोही तुम्हाला न विचारता, आणि त्या एका उत्तरावरून बाकीची दोन गृहीत धरतात. तुमच्या सगळ्या त्रासाचं मूळ इथे आहे.

आता भाषा कळायचा सरळ मार्ग बघू. तो आधीपासूनच आहे. ब्राउझर कुठलंही पान मागताना सोबत काही माहिती पाठवतो, तिला हेडर म्हणतात. त्यातला एक हेडर ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’. तुम्ही सेटिंगमध्ये लावलेली यादी साधारणपणे त्यातून जाते, आणि प्रत्येक भाषेला ० ते १ मधलं एक वजन असतं. तुमचा ब्राउझर साधारण असं म्हणतो: मराठी असेल तर उत्तम, नसेल तर इंग्रजी चालेल. ब्राउझर आणि साइट यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं जे प्रमाण आहे, त्याच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या आवृत्तीत हा हेडर होता आणि २०२२ च्या सुधारित प्रमाणातही तो कायम आहे. म्हणजे साइट ज्याचा अंदाज बांधत बसते ते उत्तर तिला प्रत्येक विनंतीबरोबर लेखी मिळत असतं.

मग साइट ते का वाचत नाहीत? काही वाचतच नाहीत. ब्राउझर इंग्रजीत बसवलेला असतो, लोक त्याला हात लावत नाहीत, म्हणून ही यादी भरवशाची नाही असा समज या धंद्यात फार जुना आहे. त्यात थोडं तथ्यही आहे. पण ज्याने मुद्दाम मराठी जोडली त्याची यादी आयती आलेली नसते, एवढं तरी ओळखायला हवं.

काही साइट यादी वाचतात पण अर्धवट, आणि तुमच्याबाबत बहुधा हेच होतंय. कोड यादीतली फक्त पहिली भाषा उचलतो. मराठी. साइटकडे मराठी नाही. आता त्याने दुसऱ्या पसंतीकडे जायला हवं, पण तो यादी सोडून देतो आणि ‘हा माणूस कुठल्या देशातून आलाय’ याकडे वळतो. उत्तर येतं जपान, आणि पान जपानीत उघडतं. ज्यांची पहिली पसंती इंग्रजी आहे त्यांना याच साइटवर काही त्रास होत नाही, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. ज्यांची भाषा साइटवर नाही अशाच लोकांना ती सापडते, आणि ते लोक तक्रार करायच्या आधी साइट सोडून गेलेले असतात. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त टोचतं ते हे.

याच्या जोडीला एक बारीक खोच आहे. यादीत ‘इंग्रजी (भारत)’ असेल आणि नुसती ‘इंग्रजी’ नसेल, तर काही साइट ‘आमच्याकडे भारतीय इंग्रजी नाही’ म्हणून इंग्रजीच नाकारतात. प्रमाण लिहिणाऱ्यांनाही हे माहीत होतं. असं झालं तर ब्राउझरने वापरणाऱ्याला साधी इंग्रजीही जोडायला सुचवावं, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणून यादीत दोन्ही ठेवा: आधी प्रदेशासह, मग प्रदेशाशिवाय.

आता देशाचा अंदाज. तो तुमच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, बांधतात. हे पत्ते गठ्ठ्यांनी कंपन्यांना आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांना वाटलेले असतात, आणि कुठला गठ्ठा कुठे वापरात आहे याच्या याद्या काही कंपन्या विकतात. देशापुरता अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, शहरापुरता बराच कमी. ऑफिसचं नेटवर्क दुसऱ्या देशातून बाहेर पडत असेल, व्हीपीएन (तुमची जोडणी दुसऱ्या ठिकाणाहून वळवून नेणारी सेवा) असेल, तर देशही चुकतो. मोबाइलचं रोमिंग चालू असेल तर डेटा बऱ्याचदा तुमच्या मूळ कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून जातो, म्हणजे तुम्ही जपानमध्ये असूनही साइटला मायदेशातले दिसता. याचा उपयोग करून घ्या: तीच साइट एकदा तिथल्या वायफायवर आणि एकदा रोमिंगच्या सिमवर, दोन्ही वेळा खाजगी विंडोत उघडा. भाषा बदलली तर साइट आयपी बघते हे नक्की झालं. यादीत इंग्रजी पहिली ठेवूनही तसंच झालं, तर ब्राउझरच्या यादीशी झटापट करण्यात अर्थ नाही.

या याद्यांवर किती विसंबावं याबद्दल २०१६ साली उघडकीला आलेली एक घटना मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. अशा एका यादीत, ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिका’ यापलीकडे काहीच माहीत नव्हतं त्यांच्यासाठी देशाच्या मध्याजवळचा एक ढोबळ बिंदू घातला होता. तो कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर पडत होता. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका शेतावर दाखवले जात होते, आणि इंटरनेटवरच्या कुठल्याकुठल्या गुन्ह्यांचा माग काढत पोलीस आणि संतापलेले लोक वर्षानुवर्षं त्या घराच्या दारात येत होते. शेवटी तो बिंदू हलवून एका तळ्यात नेण्यात आला. ‘माहीत नाही’ असं लिहायची जागा ठेवली नाही की अंदाजच वस्तुस्थिती म्हणून फिरू लागतो.

समजा देश बरोबर ओळखला. तरी त्यावरून भाषा कळत नाही. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय भाषा चार, बेल्जियमच्या अधिकृत भाषा तीन, भारताच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस. भाषेच्या यादीत झेंडे लावणाऱ्या साइट बघा. स्पॅनिशला स्पेनचा झेंडा लावला की मेक्सिकोतल्या वाचकाने काय समजायचं? आणि मराठीला कुठला झेंडा लावणार? झेंडा देशाचा असतो. भाषेला तिचं नाव पुरतं, तेही तिच्याच लिपीत. मराठीच्या वाचकाला ‘मराठी’ असं देवनागरीत दिसलं पाहिजे, मग बाकीचं पान कुठल्याही लिपीत असो. तुम्हाला जपानी पानावर बटण सापडत नाही, कारण तिथे ‘इंग्रजी’ हा शब्दसुद्धा जपानीत लिहिलेला असतो. म्हणजे ज्याला जपानी येतं त्यालाच जपानीतून बाहेर पडता येतं.

उलट्या दिशेची चूकही तितकीच होते: भाषेवरून देश ठरवणं. हिचा फटका मी जवळून पाहिला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका कंपनीसाठी खोल्यांचं आरक्षण करणारी साइट बांधली. भाषा इंग्रजी निवडली की तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस, अशी दिसायची. ज्यांना दिवस आधी लिहायची सवय होती त्यांनी ०५/०४ हे पाच एप्रिल म्हणून वाचलं, आणि आरक्षण झालं चार मेचं. माणसं रात्री सामान घेऊन दारात उभी राहिली आणि त्यांच्या नावाची खोली नव्हती. कोड मी तपासून मंजूर केला होता. त्यानंतर माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पानावर महिना अक्षरांत असतो, आणि ‘इंग्रजी वाचणारा तो अमेरिकन’ हे गृहीत धरणारी एकही ओळ मी पुढे जाऊ देत नाही. अंकांचंही तसंच. १.२३४ हे जर्मन वाचकाला एक हजार दोनशे चौतीस वाटतं आणि इंग्रजी वाचकाला सव्वाच्याही आतली रक्कम. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेचाही सल्ला आहे की ॲक्सेप्ट-लँग्वेज ही भाषेची पसंती आहे, केवळ तिच्यावरून माणसाचा प्रदेश ठरवू नये.

आतापर्यंतचं इतकं लक्षात ठेवा: यादी म्हणजे तुमची इच्छा, आयपी म्हणजे तुमची जागा, आणि साइट यांतलं एक घेऊन दुसऱ्याचं काम त्यावर भागवते. आता तुम्ही काय करायचं ते.

पहिली नजर पानाच्या पत्त्यावर टाका. पत्त्यात कुठेतरी जपानीची ‘जे-ए’ किंवा देशाची ‘जे-पी’ ही दोन अक्षरं दिसली तर त्या जागी इंग्रजीची ‘ई-एन’ टाकून बघा. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळा लागू पडणारा उपाय हाच. पत्ता ही तुम्ही स्पष्टपणे केलेली मागणी आहे, आणि नीट बांधलेली साइट तिला बाकी सगळ्यापेक्षा वरचं स्थान देते. विकिपीडिया बघा, तिथे भाषा पत्त्यातच आहे. मराठीचा पत्ता मराठीच उघडतो, तुम्ही जगात कुठेही असा.

त्याने काम झालं नाही तर बटण शोधा. ते पानाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात किंवा अगदी तळाशी असतं. शब्द वाचता येत नसतील तर पृथ्वीगोलाचं चित्र शोधा, किंवा रोमन ‘ए’ आणि एखादं चिनी अक्षर शेजारी असलेलं चित्र. तेही नसेल तर ब्राउझरकडून पानाचं भाषांतर करून घ्या, फक्त बटण सापडेपर्यंत. भाषा निवडल्यावर साइट ती बहुधा कुकीत, म्हणजे तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत, लिहून ठेवते. खाजगी विंडोत किंवा कुकी पुसल्यावर ती निवड जाते, ‘रोज रोज बदलावी लागते’ या तक्रारीचं कारण बऱ्याच वेळा हेच असतं. खातं असेल तर लॉगिन करून खात्याच्या सेटिंगमध्येच बदला, ती निवड टिकते. तिथे भाषा आणि देश असे दोन वेगळे पर्याय आहेत का ते नीट पाहा. यूट्यूबवर ते वेगळे आहेत, आणि तसेच ते सगळीकडे असायला हवेत.

ब्राउझरच्या यादीबद्दल माझा सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही. मराठी पहिली ठेवा असं मला मनापासून वाटतं, कारण मागणी दिसली नाही तर कुणी मराठी पान बनवणार नाही. पण जी साइट फक्त पहिली भाषा वाचते तिच्यापुरता इलाज म्हणजे इंग्रजीला वर नेणं. मी स्वतः ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल, म्हणजे वेगवेगळ्या सेटिंगचे दोन संच, ठेवतो: रोजच्या वापराला मराठी पहिली, आणि अडणाऱ्या साइटसाठी इंग्रजी पहिली. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ही यादी सेटिंग्जमधल्या भाषांच्या भागात आहे. सफारी ती यंत्राच्या भाषांच्या यादीवरून घेते. ॲपचा प्रश्न असेल तर आयफोनवर २०१९ पासून आणि अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठरवता येते, अर्थात ॲपने साथ दिली तर. अँड्रॉइड १४ मध्ये तापमानाचं एकक, आठवड्याचा पहिला दिवस आणि अंकांची पद्धत भाषेपासून सुटी काढली आहे. इतकी वर्षं हेच मागत होतो.

अंकांवरून एक आठवलं. यंत्रांना भाषांचे नियम पुरवणारा युनिकोडचा जो साठा आहे त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी (1, 2, 3). म्हणून मराठी निवडल्यावर काही साइटवर सगळे आकडे देवनागरीत येतात. मला ते आवडतं. पण अडचण पुढे येते: तीच साइट फॉर्ममध्ये देवनागरी अंक टाइप केले की ‘अंक टाका’ म्हणून नाकारते. तुमच्या बाबतीत असं झालं तर कीबोर्ड बदलून इंग्रजी अंक टाका. साइट बांधणाऱ्यांनी दोन्ही अंक घ्यायला हवेत, ते थोडक्या ओळींचं काम आहे.

व्हीपीएन मी शेवटी ठेवतो. त्याने फक्त आयपी बदलतो. भाषा सुटली तरी देश, चलन, कर हे सगळं उलटं फिरतं, आणि बँकांच्या साइट संशयाने खातं अडवून ठेवू शकतात. भाषेसाठी जागेबद्दल खोटं सांगायला लागणं हेच मुळात चूक आहे.

काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. चित्रपटाचे हक्क देशागणिक विकलेले असतात, कर जागेवर ठरतो, काही माल काही देशांत विकता येत नाही. तिथे साइटने देश तपासणं रास्त आहे आणि मी त्याबद्दल तक्रार करणार नाही. पण जपानमधली किंमत मराठीत किंवा इंग्रजीत दाखवायला कुठला कायदा आड येतो? भाषेला देशाच्या खुंटीला बांधायचं कारण कायद्यात क्वचितच असतं. उलट युरोपीय संघाने ३ डिसेंबर २०१८ पासून लागू केलेल्या नियमात म्हटलंय की ग्राहकाला त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय साइटच्या दुसऱ्या देशाच्या आवृत्तीवर ढकलता येणार नाही, आणि संमती दिली तरी मूळ आवृत्ती सहज उघडता आली पाहिजे. तो नियम तिथल्या ग्राहकांपुरता आहे, पण विचार कुठेही लागू पडेल असा आहे.

हे वाचणाऱ्यांत कुणी साइट बांधणारे असतील तर त्यांच्यासाठी माझा क्रम असा. पत्त्यात भाषा असेल तर तीच अंतिम. नसेल तर वाचकाने आधी केलेली निवड. तीही नसेल तर ॲक्सेप्ट-लँग्वेजची पूर्ण यादी, शेवटपर्यंत. आयपीवरून फक्त सुचवा: वर एक पट्टी दाखवा, ती वाचकाच्या यादीतल्या भाषेत लिहा, आणि ‘नको’ म्हटल्यावर पुन्हा दाखवू नका. भाषा बदलल्यावर वाचकाला त्याच पानावर ठेवा, मुखपृष्ठावर फेकू नका. आपोआप ढकलण्यात तुमचंही नुकसान आहे: गूगलचा पानं गोळा करणारा बॉट ॲक्सेप्ट-लँग्वेज पाठवत नाही आणि बहुतांश अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो, त्यामुळे आयपीवर ढकललं तर बाकीच्या भाषांची पानं त्याला दिसायचीच राहतात. प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता द्या आणि ‘एचरेफलँग’ने, म्हणजे याच पानाच्या बाकीच्या भाषांतल्या आवृत्त्या कुठे आहेत हे शोधयंत्राला सांगणाऱ्या खुणेने, ते एकमेकांना जोडा. २०११ पासून ही सोय आहे.

यादीबद्दल एक सावधगिरी राहिली. मराठी, इंग्रजी, जपानी असा दुर्मीळ क्रम तुम्हाला गर्दीतून ओळखायलाही वापरता येतो. ओळख लपवण्यासाठी बनवलेला टॉर ब्राउझर म्हणूनच पानं इंग्रजीतच मागू का असं विचारतो. रोजच्या वापरात मी याची काळजी करत नाही, पण ओळख लपवणं महत्त्वाचं असेल तेव्हा यादी छोटी ठेवा.

आणि एवढं करूनही जी साइट ऐकत नाही तिला जरूर लिहा. ‘भाषा चुकते’ एवढंच लिहिलं तर उत्तर येतं, ‘आमच्याकडे बरोबर दिसतंय’. चार गोष्टी द्या: तुम्ही टाइप केलेला पत्ता, प्रत्यक्षात उघडलेला पत्ता, ब्राउझरमधली भाषांची यादी क्रमासह, आणि त्या वेळी तुम्ही कुठल्या देशात, कुठल्या नेटवर्कवर होतात. एवढी माहिती हातात असली की माझ्यासारख्याला तीच चूक आपल्या यंत्रावर घडवून बघता येते, आणि घडवून बघता आलेली चूक बहुधा त्याच आठवड्यात दुरुस्त होते.